मदत हवी आहे : असेंद्रिय रसायनशास्त्राची हद्द कुठे आखायची?

नमस्कार मंडळी. सोलापुरात पीएच.डी.च्या प्रस्तावाची तयारी करतोय. विषय : चादर-टॉवेलच्या डाइंगमधून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यातला रंग झिंक ऑक्साइड आणि उजेडाच्या मदतीने मोडणं. प्रस्तावाच्या सुरुवातीला असेंद्रिय रसायनशास्त्राची व्याप्ती लिहायची आहे आणि तिथेच आठवडाभर अडकलोय.

बी.एस्सी.ला शिकलो ते सोपं होतं : कार्बनची संयुगं सेंद्रिय, बाकीची असेंद्रिय. पण कार्बोनेट, सायनाइड यांच्यात कार्बन असूनही ती असेंद्रियातच मोजतात. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेलं फेरोसीन घ्या. दोन कार्बनी कड्यांच्या मधोमध लोखंडाचा अणू! याच वाटेवरच्या कामासाठी फिशर आणि विल्किन्सन या रसायनशास्त्रज्ञांना १९७३ चं नोबेल मिळालं. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या सच्छिद्र जाळ्यांवरच्या (एमओएफ, म्हणजे धातू-सेंद्रिय जाळ्या) कामाला मिळालं, त्यांत सांधे धातूचे आणि जोडणारे दुवे सेंद्रिय. हिमोग्लोबिनमधलं लोह, बी-१२ मधलं कोबाल्ट कुणाच्या खात्यात धरायचं?

मला वाटतं, व्याख्या पदार्थावरून नको, प्रश्नावरून हवी. धातूचा अणू भोवती कुणाला धरतो, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात, हे शोधणारा तो असेंद्रियवाला. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, असं लिहिलंस तर तुझं काम मटेरियल सायन्समध्ये ढकलतील. त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

ज्यांनी या विषयात प्रबंध केलाय, त्यांनी कृपया सांगा : तुम्ही ही हद्द कशी लिहिलीत? समितीने काय विचारलं? झिंक ऑक्साइडचं काम असेंद्रियात ठेवायचं तर कोणत्या मुद्द्यावर भर देऊ?