कुत्र्यानं बेदाणा खाल्लाय, उलट्या सुरू आहेत. तातडीनं सांगा

बागायतदार_तासगाव
मोती, वय ३, वजन १४ किलो. सकाळी सातला शेडवर रॅकखाली सांडलेला बेदाणा खाल्ला, दीड-दोन मुठी तरी असेल. साडेनऊला दोन उलट्या झाल्या, त्यात फुगलेले बेदाणे होते. आता गप्प पडून आहे. घरचे म्हणतात दूध पाजा, उतरेल. शेजारच्या बागेत काल औषध मारलंय, त्याचं तर नसेल?

पशुवैद्यक_मिरज
दूध, तूप, तेल काहीच पाजू नका. ओकताना ते श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची तर अजिबात नाही, रक्तातलं सोडियम चढून झटके येतात.

बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किलोमागे ३ ग्रॅमच्या आसपास खाऊनही विषबाधा झालेली आहे. १४ किलोच्या कुत्र्याला म्हणजे जेमतेम एक मूठ. त्याहून कमी खाल्लं म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण ज्याच्यावर संशय आहे ते टार्टारिक आम्ल प्रत्येक मालात कमीजास्त असतं. चिंचेतही तेच असतं, तीही कुत्र्यापासून लांब ठेवा.

लगेच निघा. बेदाणा फुगून पोटात बराच वेळ राहतो, त्यामुळे डॉक्टर इंजेक्शन देऊन उरलेला अजून बाहेर काढू शकतात. यावर उतारा नाही, सगळी भिस्त सलाईनवर. किडनी कशी चालते ते दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन, युरिया आणि फॉस्फरस आजच तपासून घ्या. आजचा आकडा हातात नसेल तर उद्याचा वाढला की नाही, हे कळणार कसं? उलटी पिशवीत बांधून सोबत न्या.

श्वानपालक_सातारा
दादा, फवारणीचं विष असेल तर चित्र वेगळं दिसतं. तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग थरथरणं, पातळ संडास, धाप. यातलं काही दिसलं तर औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा द्यावा लागतो, बेदाण्याच्या विषावर ते कामाचं नाही.

वाटेत हिरडी बघा. बोटानं दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. वेळ लागला किंवा हिरडी मुळातच फिकी असली, तर दारात पोचल्याबरोबर तसं सांगा.

बागायतदार_तासगाव
गाडीत आहोत. लाळ नाही, हिरडी गुलाबी आहे, शेपूट हलवतोय. एक सलाईन लावून संध्याकाळी घरी आणलं तर चालेल का?

पशुवैद्यक_मिरज
नको. इथंच फसायला होतं. पहिल्या दिवशी कुत्रं तरतरीत दिसतं, किडनीचा दणका २४ ते ७२ तासांत कळतो. तोवर सलाईन शिरेतून ४८ ते ७२ तास चालू हवं, रक्त रोज तपासायचं.

लघवीवर तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. मुतताना खाली पसरट डबा धरा आणि मोजा. सलाईन चालू असताना तासाला किलोमागे १ ते २ मिली, म्हणजे मोतीची १४ ते २८ मिली व्हायला हवी. त्याहून कमी झाली तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा, सलाईन अंगात साठून फुफ्फुसात पाणी होतं. दुखतंय म्हणून मेलॉक्सिकॅम किंवा डायक्लोफेनॅक कुणी देऊ केलं तर नाही म्हणा, दोन्हींचा भार किडनीवरच पडतो.