मदत हवी आहे : लसीच्या दुष्परिणामांचे आकडे आणि सक्तीवरचा निकाल, चर्चेत कसे मांडावेत?

अनुजा_क :
वाचनालयात 'साथीचे नियम आणि व्यक्तिस्वातंत्र्य' या विषयावर खुली चर्चा आहे. प्रास्ताविकाचं टिपण करते आहे. कोव्हिशील्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण भारतात खरंच युरोपपेक्षा कमी होतं का? 'लसीनंतर मृत्यू' या आकड्याचा अर्थ काय लावायचा? आणि सुप्रीम कोर्टाने सक्ती बेकायदा ठरवली, असं एक गट ठामपणे म्हणतो. ते कितपत बरोबर आहे?

आकडेमोड :
गुठळ्यांपासून सुरुवात करतो. राष्ट्रीय एईएफआय समितीने (लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची तपासणी करणारी समिती) मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर व तीव्र प्रकरणं तपासली. त्यांतली २६ गुठळ्यांची असू शकतात, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१, असं सांगितलं. त्याच निवेदनात ब्रिटनसाठी ४ आणि जर्मनीसाठी १० हे आकडे होते. हे शेजारी ठेवून 'आपल्याकडे धोका कमी' असं लिहू नका. आपल्याकडची नोंद रुग्णालयाने आपणहून कळवण्यावर चालते. डोकं दुखतं म्हणून आलेल्या रुग्णाला लस कधी घेतली हे विचारलं नाही, प्लेटलेट मोजल्या नाहीत किंवा मेंदूचा स्कॅन झाला नाही, तर ते प्रकरण यादीत येतच नाही. ०.६१ हा नोंदींचा दर आहे. खरा दर त्याहून जास्त असू शकतो, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

आता मृत्यू. देशाचा मृत्युदर वर्षाला हजारी सुमारे ६ धरा. दहा लाख लोकांना एकाच दिवशी नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तरी पुढच्या २८ दिवसांत त्यांतले साधारण ४६० जण दगावतील (६००० × २८ ÷ ३६५). आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांनंतर लस ज्येष्ठांना दिली गेली, त्यांच्यात हा आकडा कितीतरी मोठा. म्हणून कच्च्या बेरजेला अर्थ नाही. अपेक्षेपेक्षा किती जास्त, कोणत्या वयात आणि डोसनंतर कितव्या दिवशी, हे विचारायचं.

समितीचं वर्गीकरणही टिपणात घ्या, कारण वाद तिथेच होतो. 'ए' म्हणजे लसीशी किंवा लस देण्याच्या प्रक्रियेशी संबंध सुसंगत. त्यात ए१ लसीच्या घटकामुळे, ए२ दर्जातल्या दोषामुळे, ए३ टोचण्यातल्या चुकीमुळे, ए४ भीती-ताणामुळे. 'बी' अनिश्चित, 'सी' योगायोगाने आलेला दुसरा आजार, 'डी' माहितीअभावी वर्गीकरण अशक्य. 'डी'ला लसविरोधक लसीच्या खात्यात टाकतात आणि समर्थक 'संबंध नाही'मध्ये मोजतात. दोन्ही चूक. शवविच्छेदन झालं नाही, कागद मिळाले नाहीत, की प्रकरण 'डी'त जातं. 'डी'चा वाटा मोठा दिसला तर तपास यंत्रणेला जाब विचारायला हवा.

वकील_सातारकर :
निकाल २ मे २०२२ चा, जेकब पुलियेल खटला, न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई. 'सक्ती बेकायदा' हे अर्धंच. राज्यघटनेच्या कलम २१ खाली स्वतःच्या शरीरावर हक्क आहे, त्यामुळे कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, हे कोर्टाने स्पष्ट म्हटलं. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं. अट अशी की ते खासगीपणाच्या हक्कावरच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातल्या कसोट्यांवर टिकले पाहिजेत : कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणात उपाय.

लस न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेले निर्बंध तिसऱ्या कसोटीवर अडले. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी माहिती राज्यांनी कोर्टापुढे ठेवली नाही. म्हणून संसर्ग कमी आहे तोवर असे निर्बंध मागे घ्यावेत, असं कोर्टाने सुचवलं. 'संसर्ग कमी आहे तोवर' हे शब्द गाळू नका, सगळा तोल त्यांवर आहे. लोकांना आणि खासगी डॉक्टरांना दुष्परिणाम नोंदवता येतील अशी खुली व्यवस्था करा, असा आदेशही याच निकालात आहे. माझ्या मते स्वातंत्र्याच्या बाजूने तो सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि चर्चेत तोच वगळला जातो.

महाराष्ट्राचं उदाहरण हवं असेल तर लोकल घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांनाच प्रवास. उच्च न्यायालयात तो आदेश अडचणीत आला तो लसीच्या गुणदोषांवरून नव्हे, काढण्याची पद्धत चुकली म्हणून. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या समितीला डावलून एकट्या मुख्य सचिवांच्या सहीने तो निघाला होता. एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंधच उठले.

अनुजा_क :
फार मदत झाली. आपल्या जिल्ह्याचे आकडे मिळतील का? आणि 'माझ्या माणसाला लसीमुळेच झटका आला' असं कुणी सभेत म्हणालं तर?

माहितीदूत :
मिळतील. नोंदींसाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज करा, ए-बी-सी-डी वर्गीकरणासाठी राज्याच्या लसीकरण अधिकाऱ्यांकडे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. एक अर्ज, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राचा नियम आहे. कालावधी, लसीचं नाव, दिलेले डोस आणि गंभीर नोंदी वयोगटानुसार मागा. रुग्णांची नावं मागू नका, त्यावरच अर्ज फेटाळला जातो. 'टक्केवारी काढून द्या', 'कारण सांगा' असंही लिहू नका, हाती असलेली माहितीच द्यायला ते बांधील आहेत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

डॉ_मीरा :
सभेत कुणी असं म्हटलं तर खोडून काढू नका, तारखा विचारा. या लसीशी जोडलेला गुठळ्यांचा विकार साधारण ४ ते ४२ दिवसांत दिसतो. सोबत प्लेटलेट दीड लाखांखाली, डी-डायमर (रक्तात गुठळी असल्याची खूण) खूप वाढलेलं, पीएफ-४ अँटिबॉडी (या विकाराची खास रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोर्टातली अ‍ॅस्ट्राझेनेका या कोव्हिशील्डच्या मूळ कंपनीची कागदपत्रं बातम्यांत आल्यावर खूप जण घाबरले, पण हा विकार युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच दुष्परिणामांच्या यादीत घातला होता. लसीनंतर तीन वर्षांनी आलेला हृदयविकार त्यात बसत नाही. दहाव्या दिवशी, प्लेटलेट घसरलेल्या असताना झालेली मेंदूतली गुठळी मात्र बसते. तशा घरच्यांना प्रमाणपत्रावरचा बॅच क्रमांक, डिस्चार्ज कार्ड आणि त्या दिवसांचे रक्ताचे रिपोर्ट एकत्र करायला सांगा. औषधांच्या दुष्परिणामांसाठीच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंद कशी करायची ते कळेल.