सावजी जेवणासोबत वाइन: कार्डवर काय ठेवावं, आणि मे महिन्यात ती सांभाळावी कशी?

वर्धारोड_४०

वर्धा रोडवर ४० खुर्च्यांचं रेस्टॉरंट सुरू होतंय. मेनू सावजी आणि वऱ्हाडी: मटण रस्सा, खिमा, पाटोडी रस्सा, सांबारवडी, वडा-भात, शेवटी पुरणपोळी आणि संत्रा बर्फी. एफएल-३ परवान्याचं (परमिट रूमचा, बसून पिण्याचा) काम झालं आहे. बिअर-व्हिस्कीचं गणित जमतं, वाइनचं जमत नाही. पुरवठादार म्हणतो, मटण आहे म्हणजे दमदार रेड घ्या, कॅबरने-शिराज. तो बरोबर सांगतोय का? सुरुवातीला सहाच प्रकार ठेवायचे आहेत. ग्लासवर विकायची तर भाव कसा काढायचा? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात माल ठेवायचा कुठे?

दगडफूल

पुरवठादार मटणाकडे पाहून राहिला, तुम्ही तर्रीकडे पाहा. सावजीत वाइन ठरते ती तिखटावर, मांसावर नाही.

दमदार रेडमध्ये दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे टॅनिन, जांभळासारखा तो तुरटपणा. साध्या भाजलेल्या मटणासोबत तो सुंदर लागतो, कारण चरबी आणि प्रथिनं त्याला मऊ करतात. सावजी मसाल्यात मात्र काळी मिरी, दगडफूल आणि खरपूस भाजलेलं खोबरं असतं. त्यावर तुरट वाइन गेली की तोंड कडू पडतं. दुसरी गोष्ट अल्कोहोल. १४ टक्क्यांची वाइन मिरचीची आग वाढवते. गिऱ्हाईक दुसऱ्या घोटाला ग्लास बाजूला सारतं आणि पाणी मागतं.

तिखटाला लागतो किंचित गोडवा, चांगला आंबटपणा आणि थंडपणा. गोडवा आग झाकतो, आंबटपणा जिभेवरचा तेलाचा थर कापतो. म्हणून मटण रश्शासोबत गोडसर व्हाइट: शेनिन ब्लाँ, नाहीतर रिसलिंग. नाशिककडची सुलाची शेनिन या गोडसर जातीची आहे. लिटरला १० ते २० ग्रॅम साखर पुरते. लेबलवर साखर छापलेली असेलच असं नाही, त्यामुळे चाखूनच घ्या. बाटली ८ ते १० अंशांवर द्या.

खिम्यासोबत रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. रेड मागणारे येणारच. त्यांच्यासाठी एकच ठेवा, फळाळ आणि कमी तुरट, आणि तीही १५-१६ अंशांवर. "रेड रूम टेम्परेचरला" हे वाक्य नागपुरात विसरा. मे महिन्यात आपली रूम ३८ अंशांची असते बाप्पा.

थंडबाटली

वर सगळं बरोबर, भर एवढीच की सांबारवडीला वेगळा विचार करा. त्यात तिखट कमी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर. सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाइटचा हिरवट वास त्याच्याशी छान जुळतो. तळलेल्या पाटोडीसोबत स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुडे तेल कापतात. पण त्याच पाटोडीवर रस्सा ओतला की स्पार्कलिंग उचलून ठेवा. मिरचीने चुरचुरणाऱ्या जिभेला फेस टोचतो. वेटरला हा फरक पाठच करून घ्यायला लावा, इथेच गडबड होते.

पुरणपोळीला लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. वाइन पदार्थाइतकी तरी गोड पाहिजे, नाहीतर ती आंबट पाणी वाटते. बर्फीसोबत मात्र बहुतेक लेट हार्वेस्टही फिक्या पडतात. तिथे वाइन सुचवू नका, कॉफी द्या.

आता साठवण, जिच्यात पैसा खरा बुडतो. उन्हाळ्याचा माल फेब्रुवारीतच भरून ठेवा. नाशिकहून ट्रक दिवसा तापत आला की वाइन उकडते. ओळख सोपी आहे: बूच वर सरकलेलं असतं, गळ्याशी चिकट ओघळ असतो, चव शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागते. अशी पेटी उतरवून घेऊच नका. ठेवायची जागा १२ ते १८ अंश, अंधारी, भट्टीपासून लांब. डेझर्ट कूलरची खोली चालत नाही, ओलीने लेबलांवर बुरशी धरते आणि तापमान दिवसभर वरखाली होतं. छोटा एसी लावलेली बिनखिडकीची खोली परवडते. बुचाच्या बाटल्या आडव्या, स्क्रू कॅपच्या उभ्या चालतात.

तातडीने थंड करायची तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटली हळू थंडावते, कारण बर्फ काचेला सगळीकडे टेकत नाही. ३५ अंशांवरची व्हाइट खाली यायला साधारण अर्धा तास, रेडला पंधरा मिनिटं.

गल्लापेटी

भावाचं सांगतो. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. बाटली तुम्हाला ९०० रुपयांना पडली धरा, म्हणजे ग्लास १८० ला. पण पाचवा ग्लास अनेकदा मोरीत जातो, म्हणून चारवर भागा: २२५. मालाचा खर्च विक्रीच्या ३५ टक्के धरला तर ग्लास साधारण ६४० रुपये, कर वेगळा. महाग वाटला तर १२५ मिलीचा ग्लास करा, भाव उतरतो. अंदाजाने ओतू देऊ नका, मापाचा पेला (जिगर) हातात द्या.

ग्लासवर तीनच वाइन ठेवा: शेनिन, रोझे, रेड. उघडल्यावर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. व्हाइट आणि रोझे तीन-चार दिवस, रेड तीन. बाटलीच्या गळ्यात उघडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवा. लेट हार्वेस्ट मिळाली तर ३७५ मिलीची घ्या.

अर्धी उरलेली बाटली बांधून द्यायच्या भानगडीत पडू नका. परवाना बसून पिण्याचा आहे, आणि तुमच्या रस्त्याने बुटीबोरीच्या पुढे वर्धा जिल्हा लागतो, तिथे दारूबंदी आहे.

वर्धारोड_४०

खूप आभार. कॅबरने रद्द. पण हे वेटरना पटवायचं कसं? त्यांना रेडच भारी वाटते.

दगडफूल

सांगून नाही पटणार, खाऊ घाला. रोजच्या तिखटाचा रस्सा आणि भाकरी, प्रत्येकासमोर चार ग्लास: गोडसर शेनिन, सोव्हिन्यों, रोझे, कॅबरने. प्रत्येकी ६० मिली, एका बाटलीत बाराजण होतात. घास, दहा सेकंद थांबणं, मग घोट. मध्ये कोरडी भाकरी. जेवणाआधीचा घोट मोजायचाच नाही, कॅबरने तिथेच जिंकते. ग्लास आधी नुसत्या गरम पाण्यात दोनदा खंगाळा, साबणाचा वास राहिला तर चारही सारख्याच लागतील. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात.

आणि ही चाचणी दुपारी तीनला घ्या, फोडणीचा धूर बसल्यावर.