घोडी गेली, नानांना कसं सावरू? मदत हवी आहे

मंडळी, आमची चंद्री गेल्या आठवड्यात पोट फुगून गेली, डॉक्टर येईपर्यंत खेळ खल्लास. जुन्नरकडच्या घाटात (म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर) बैलगाड्याच्या पुढं पळायची, मागं जुकाट म्हणजे पुढची बैलजोडी, त्यामागं धुरेकरी म्हणजे गाड्याजवळची मागची जोडी आणि पुढं ही नुसती वाऱ्यासारखी! २०१४ ला कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हाही नानांनी विकली नाही, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली तर पेढे आधी तिला. जेसीबीने खड्डा काढून बांधावर पुरली. आता नाना रोज संध्याकाळी भिजवलेले हरभरे घेऊन रिकाम्या ठाणात जाऊन बसतात, जेवण जवळपास बंद. लगेच शिंगरू आणावं का थांबावं? कोणाकडे असं झालंय का, तुम्ही काय केलंत?