मदत हवी आहे: पॅकेजसोबत लॉगची डिफॉल्ट सेटिंग काय द्यावी?

नमस्कार मंडळी,

वाचनालयांच्या देवघेवीसाठी आम्ही काही जण एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळतो. डेबियन या लिनक्स प्रणालीवर ते बसवण्यासाठीचं पॅकेज मी बांधतो. पुढच्या आवृत्तीआधी लॉगरोटेटची (लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींच्या फाइली, ठरावीक काळाने बदलून जास्तीच्या जुन्या पुसणारं साधन) डिफॉल्ट फाइल पक्की करायची आहे.

सध्या डेबियनचीच पद्धत ठेवली आहे: आठवड्याला रोटेट (म्हणजे नवी फाइल सुरू), चार जुन्या फाइली, कॉम्प्रेस बंद. एका वाचनालयाने दुसऱ्या काउंटरचा पावती प्रिंटर काढून ठेवला. सर्व्हिस दर सेकंदाला तो शोधायची आणि दर वेळी चार केबीचा स्टॅक ट्रेस (एरर कोडमध्ये कुठे आला याचा तपशील) लिहायची. दिवसाला साधारण ३५० एमबी! महिन्याभरात १० जीबीहून जास्त लॉग, आणि डिस्क ३२ जीबीची. शेवटी डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही, देवघेव ठप्प. काउंटरवरच्या ताईंनी लॉग का तपासावा? फाइल कुणी कधीच उघडली नाही तरी मशीन चालू राहिलं पाहिजे, असं डिफॉल्ट मला हवं आहे.

विचार असा आहे: रोज रोटेट, १४ फाइली, कॉम्प्रेस चालू, वर ‘मॅक्ससाइझ’ (फाइल एवढी वाढली की वेळेआधीच रोटेट) ५० एमबी. पण लॉगरोटेटचा टायमर दिवसातून एकदाच धावतो, त्यामुळे रोजच्या रोटेटसोबत मॅक्ससाइझचा काही उपयोगच होत नाही. टायमर तासाचा करावा का? तो आमच्या पॅकेजचा नाही, त्याला हात लावणं बरोबर वाटत नाही.

की फाइल सोडून सगळं सिस्टमडीच्या जर्नलकडे (सगळ्या सर्व्हिसेसच्या नोंदी एकत्र ठेवणारी लिनक्समधली सोय) द्यावं? तिथे फाइलसिस्टमच्या १० टक्के, फार तर ४ जीबी, ही मर्यादा आयतीच मिळते. पण मग आमच्या गोंगाटात इतर सर्व्हिसेसच्या जुन्या नोंदी पुसल्या जातील.

शिवाय एका नगरपालिकेच्या वाचनालयाला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग हवे आहेत. १४ दिवस आणि १८० दिवस, मेळ कसा घालायचा?

प्रतिसाद १
दोन्ही गरजा एकाच फाइलीत कोंबू नका. लॉगिन आणि कुणी काय बदललं याची नोंद वेगळी ठेवा. ती लहान असते, १८० दिवस सहज मावते. एररचा लॉग वेगळा, त्याला आकाराची मर्यादा. आणि आधी सर्व्हिसच दुरुस्त करा: प्रिंटर सापडला नाही तर पुढच्या प्रयत्नाआधीचा वेळ दुप्पट करत न्या. ट्रेस पहिल्यांदाच लिहा, नंतर फक्त ‘हाच एरर इतक्या वेळा’.

प्रतिसाद २
सहमत. ‘कॉपीट्रंकेट’ वापरत असाल तर काढा. कॉपी होऊन फाइल रिकामी होईपर्यंत आलेल्या ओळी हरवू शकतात. त्याऐवजी रोटेट झाल्याचा सिग्नल मिळाल्यावर सर्व्हिसने फाइल पुन्हा उघडावी. आणि ज्यांनी ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली फाइल स्वतः बदलली आहे, त्यांना अपग्रेड करताना कोणती ठेवायची असं डीपीकेजी (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) विचारेल. बदल एकाच आवृत्तीत उरका.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. लॉग वेगळे करतो, ट्रेसचंही पटलं. टायमरचा प्रश्न मात्र उरतोच. एररच्या लॉगसाठी पॅकेजने स्वतःचा तासाचा टायमर द्यावा का? कुणी तसं केलं असेल तर लॉगरोटेटची स्टेट फाइल (शेवटचं रोटेट कधी झालं याची नोंद) वेगळी ठेवली होती का, तेही सांगा.