लातुरात सायकलवाल्यांसाठी फुकटची धावपळ: करावी की नाही?

उभी_रेघ:
तीन आठवडे झाले, आम्ही पाच-सहा जण सकाळी सहा ते आठ ट्यूशन एरियात उभं राहून सायकली मोजतोय. वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पहाटेच्या बॅचची पोरं-पोरी, पेपरवाले, पहिल्या शिफ्टला एमआयडीसीत निघालेले. परवा एक मुलगी डोळ्यांदेखत पडली. नालीवरच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनं लांब बसवलेत, दोन गजांत बोटभर जास्तच फट. पुढचं चाक अलगद आत. डबा एकीकडे, नोट्स एकीकडे. उठली, गुडघा झटकला आणि बॅच चुकेल म्हणून निघून गेली. तेच गज आडवे असते तर चाक वरून गेलं असतं.
जाळ्या फिरवा म्हणून निवेदन द्यायचंय, त्याला हे आकडे जोडायचेत. मोजणीला शनिवारचे दोन तास देणारी माणसं हवीत. कोण येतंय?

कडक_ऊन:
माफ करा, पण हे हौशी लोकांचं काम. 3 जूनला जागतिक सायकल दिन, टी-शर्ट, फोटो, संपलं. पुण्यात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा योजनेच्या पैशातून सायकल ट्रॅक झाले, आता त्यावर गाड्या लावतात. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं आधी नळाचं बघा. आणि मे महिन्यात सायकल चालवणार कोण?

उभी_रेघ:
ट्रॅक मागितलाच नाही हो. जाळी म्हणालो. मे महिन्यात सायकल कोण चालवतं ते बघायला सकाळी सहाला या, चहा माझ्याकडून. ज्यांच्याकडे गाडी नाही ते ऊन बघून थांबत नाहीत.

गोलाईतला:
मी गंजगोलाईत धंदा करतो. सोळा रस्ते येऊन मिळतात इथं, पाय ठेवायला जागा नसती. सायकलीला जागा करा म्हणलं की पहिला कोण उठतो? गाडेवाला. चारचाकीवाल्याला कुणी हात लावत नाही. चांगल्या मनानं करायलाव, पण निवेदन एकदा टेबलावर गेलं की ते कुणावर उलटल ह्ये तुमच्या हातात ऱ्हात नाही.

उभी_रेघ:
यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. निवेदनात हातगाड्यांचा विषय काढायचा नाही, एवढं आजच ठरवतो.

हिंगोलीकडचा:
शहराचं तुम्ही बघा, खेड्याचं मी सांगतो. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. माझ्या पुतणीला मिळाली. चांगली योजना, वाद नाही. पण महामार्ग चौपदरी झाला, मधे दुभाजक आला आणि शाळा पलीकडच्या अंगाला. दुभाजकातली फट लांब. मग ती रोज उलट्या बाजूनं, समोरून येणाऱ्या ट्रककडे बघत, साईडपट्टीच्या गिट्टीवरून जाते. सायकल दिली, रस्ता द्यायचा राहिला. हे बोलणारं कुणीतरी पाहिजे.

कडक_ऊन:
बोलायलाच पाहिजे, पण आपण का? कर भरतो की. ज्यांना पगार मिळतो त्यांचं काम आपण फुकट केलं की ते आणखी निवांत. स्वयंसेवा म्हणजे कामचुकारांना दिलेली सूट. हॉलंडचं उदाहरण मात्र देऊ नका, तिथं सपाट जमीन आणि गार हवा.

उभी_रेघ:
तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. हवा पहिल्यापासून गारच होती, तरी तिथं 1971 साली चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली. त्यानंतर आईबाप रस्त्यात बसले, तेव्हा रस्ते बदलायला लागले. त्या आईबापांना पगार नव्हता.
आता आपल्याकडचं. या रस्त्यांवरून रोज किती सायकली जातात, असा माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची वाट. कार्यालयाचं नाव घेत नाही. उत्तर एका ओळीचं: अशी नोंद ठेवली जात नाही. म्हणजे कागदावर सायकलवाला नाहीच. जो कागदावर नाही त्याच्यासाठी जाळी कोण फिरवणार? पगारी माणसाला काम सांगायला आधी आकडा लागतो, म्हणून वही.

कडक_ऊन:
आकडा दिला तरी फाईल हलेल याची खात्री?

उभी_रेघ:
नाही.

गोलाईतला:
एक इचारू का. आमच्या दुकानाम्होरची जाळी बी तसलीच हाय. वेल्डर वळखीचा हाय, दोन तासांत फिरवून देतो. पैसे मी देतो.

उभी_रेघ:
मन मोठं आहे तुमचं, पण परस्पर हात लावू नका, ती सरकारी मालमत्ता. फोटो आणि गजांमधल्या फटीचं माप तेवढं पाठवा. नाणं शेजारी ठेवून काढा, म्हणजे अंदाज येतो.

कडक_ऊन:
बघा! फुकट करायला माणूस तयार, आणि त्याला परवानगी नाही. मी म्हणतो ते हेच.

गोलाईतला:
फोटो उद्या सकाळी काढतो. आत्ता तिथं ऑटो उभाय.