हँडबॉलमध्ये एवढ्या दुखापतीनंतर परत येता येतं का?

माझी भाची शाळेच्या टीममध्ये हँडबॉल खेळते, सारखी क्रिस्तिना नेआगूचे व्हिडिओ बघत असते. आता तिचा गुडघा दुखावलाय आणि घरचे म्हणतात बास झालं. काय करावं?

मैदानवेडा: अहो नेआगूचंच बघा ना. रोमानियाची लेफ्ट बॅक (डाव्या बाजूने लांबून गोल मारणारी), २०१०, २०१५, २०१६ आणि २०१८ अशी चार वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू. पहिल्या दोन पुरस्कारांमध्ये पाच वर्षं गेली, त्यातच खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि थ्रो मारणारीचा खांदाच गेला तर उरतं काय, तरी २०१५ला मॉन्टेनेग्रोच्या बुदुच्नोस्त क्लबकडून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. डिसेंबर २०१८च्या युरोमध्ये (युरोपियन चॅम्पियनशिप) गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, त्यातूनही उभी राहिली. मला तिच्या गोलांपेक्षा हेच मोठं वाटतं.

सात_नंबर: मी कॉलेजला खेळलेय. उडी मारून थ्रो केला की सगळा भार एका पायावर येतो, त्यात डिफेन्डरचा धक्का लागला की गुडघा आत वळतो. भाचीला आधी चांगल्या फिजिओकडे न्या, मग दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायची सवय लावा. घाई मात्र अजिबात नको.

प्रश्नकर्ती: खूप आभार! आज रात्री तिच्या आईला हे वाचून दाखवते.